आर्वोच्या गाडीतला गोड वास

आर्वो निस्काला पहिल्यांदा त्या वासाबद्दल बोलला तेव्हा मी नीट लक्षच दिलं नाही. नोव्हेंबर संपत आला होता, बर्फ ढकलायच्या फाळांचे बोल्ट घ्यायला दुकानात रांग लागली होती, आणि हा काउंटरवर कोपर टेकून मला विचारत होता, "सायमा, गोडाला वास असतो का गं? नुसत्या गोडाला?"

"आर्वो, तुझ्यामागे तीन माणसं उभी आहेत."

"असू देत. साखरेला वास नसतो, मी हुंगून बघितली. मग माझ्या गाडीत गोड वास येतो तो कशाचा?"

मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला झाला, पण गेला नाही. काउंटरवरच्या बरणीतून एक चॉकलेट उचललं, जांभळा कागद सोडवला, आणि विचार करत चघळत उभा राहिला.

आमच्या गावात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान एकच आहे आणि एकवीस वर्षं त्याचा काउंटर मी सांभाळते. आर्वो शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होता. धंद्यानं पियानो जुळवणारा. तांब्याच्या खाणी बंद पडल्या तशी इथली निम्मी माणसं निघून गेली, पण पियानो कुणी उचलून नेले नाहीत. त्यामुळे सरोवराच्या काठानं वर टोकापर्यंत, जंगलातल्या एकेकट्या घरांत, चर्चच्या तळघरांत, शाळांत असे तीनेकशे पियानो तरी पसरलेले आहेत, आणि ते सगळे आर्वोचे. आपल्या जुन्या पिकअपमध्ये हत्यारांची पेटी टाकून तो वर्षभर त्यांच्यामागे फिरत असतो.

हा धंदा त्याच्याकडे आला तोही चौकसपणामुळेच. सात वर्षांचा असताना त्यानं चर्चमधली पायपेटी मागून उघडली होती, आत कोण श्वास घेतं ते बघायला. त्याबद्दल बापाचा मार खाल्ला. पुढे लाकडाच्या गिरणीत लागला, गिरणी बंद पडली, आणि सव्विसाव्या वर्षी ट्रास्क नावाच्या एका आंधळ्या पियानोवाल्याची गाडी चालवायला लागला. ट्रास्क त्याला म्हणायचा, "हात नंतर. आधी कान." सहा वर्षांनी ट्रास्क गेला, आणि त्याची पेटी आर्वोकडे आली.

तर तो वास. डिसेंबरात तो वास घरापर्यंत पोचला. आर्वोची बायको लेम्पी हिनं त्याचा कोट खुंटीवर अडकवताना हुंगला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आर्वोचं गोड बंद केलं होतं, आणि लेम्पीनं ते मनावर घेतलं होतं. घरात ती निसू भाजायची, म्हणजे आमच्याकडचा वेलदोडा घातलेला गोड पाव, पण ती शेजाऱ्यांना वाटून टाकायची.

"कुठे खाऊन आलास?" तिनं विचारलं.

"काही खाल्लं नाही. गाडीतच तसा वास येतो."

"गाडीला पाक लावलास का?"

"लेम्पी, खरंच सांगतो."

"खरंच सांगणाऱ्या माणसाच्या कोटाला वास येत नाही."

हे मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचीही अपेक्षा होती की मी त्यांची बाजू घ्यावी. मी कुणाचीच घेतली नाही. त्याचं कारण काउंटरवरच्या त्या बरणीत होतं. आमच्या इथल्या रानबेरीचा मुरंबा भरलेली ती चॉकलेटं मी गेल्या उन्हाळ्यापासून गिऱ्हाइकांसाठी ठेवायला लागले होते, आणि आर्वो आला की एक खायचा, दोन खिशात टाकायचा. मला डॉक्टरांचं माहीत होतं. पण साठीच्या माणसाच्या हातातून चॉकलेट काढून घ्यायचं माझ्यानं झालं नाही.

जानेवारीत तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या प्रश्नांची यादी वाढली होती. काच आतून धूसर होते, पुसली तर बोटाला तेलकट लागतं. शेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला आहे, आणि बर्फ तर त्या बाजूला कुणाच्या बुटांबरोबर आलेलं नाही, कारण तिथे कुणी बसतच नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंट दर पंधरा दिवसांनी थोडं कमी होतं, आणि गाडीखाली थेंब नाही.

आता मात्र मी मान वर केली. "आर्वो, तुझा हीटर कोअर गळतोय."

"म्हणजे?"

"डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, शाळेच्या वहीएवढा. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा मारतो, आणि ती हवा तुझ्या पायांवर येते. त्याला भोक पडलंय. कूलंटची वाफ तू नाकानं घेतोयस. ती गोड असते. विषारी पण असते, तेव्हा फार हुंगत बसू नकोस."

त्याचा चेहरा उजळला. आजाराचं नाव कळल्यावर असा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"म्हणजे वास गाडीचाच."

"गाडीचाच."

"हे तू लेम्पीला सांगशील?"

"तूच सांग."

त्यानं सांगितलं. लेम्पीचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली की सायमा तुझी शाळेतली मैत्रीण आहे.

गावातला मेकॅनिक मौरी पेलकोला. आर्वो त्याच्याकडे गेला. मौरीनं काचेला बोट लावलं, वास घेतला, आणि मार्चच्या मधली तारीख दिली. बर्फ काढणारे ट्रक एकामागून एक त्याच्याकडे येऊन पडले होते, आणि तो खोटं बोलत नव्हता. "भाग छोटा आहे," तो म्हणाला, "पण कारखान्यात आधी तो दोरीला टांगतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मला दोन दिवस लागतील, आणि दोन दिवस शिव्या द्यायला मला सध्या वेळ नाही." तोवर तात्पुरता उपाय म्हणून त्यानं कोअरला जाणाऱ्या दोन नळ्या मध्येच कापून परस्पर एकमेकींना जोडून दिल्या. गळती थांबली. ऊबही थांबली.

त्या वर्षीचा फेब्रुवारी आठवला की अजून अंगावर काटा येतो. पारा शून्याखाली दहा, बारा. आणि पियानो जुळवणाऱ्याला बोटं लागतात. गार पडलेल्या बोटांना तारेचा ताण कळत नाही. आर्वोनं काय करावं? सॉनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, शेगडीवरचे दगड सकाळी तापवले, झाकणाच्या लोखंडी बादलीत भरले, आणि बादली पायाशी ठेवून निघाला. गिऱ्हाइकाच्या घरी पोचला की आधी बादली आत न्यायची, दगड त्यांच्या लाकडाच्या शेगडीत टाकायचे, पियानो जुळवायचा, आणि निघताना चिमट्यानं दगड परत भरून घ्यायचे. लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. वरच्या टोकाकडच्या एका बाईनं तर फोनवरच विचारलं, "दगड घेऊन येताय ना? म्हणजे मी शेगडी रिकामी ठेवते."

पण दगड काच साफ करत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात, सरोवराच्या काठच्या वळणावर, आतून गोठलेल्या काचेतून त्याला समोरचं हरीण दिसलं नाही. हरीण वाचलं, गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात गेली. त्याला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "सायमा, तो कोअर मागव. मी स्वतः बदलतो."

"तू आजवर गाडीतलं काय बदललंयस?"

"वायपर."

"आर्वो."

"पियानोची आतली यंत्रणा मी बाहेर काढतो तेव्हा तिच्यात हजारो तुकडे असतात, आणि ते सगळे परत जागेवर जातात. डॅशबोर्डात किती असतील?"

खरं म्हणजे मीही बघितलं नव्हतं. एकवीस वर्षं मी हीटर कोअर खोक्यातून काढून माणसांच्या हातात देत आले होते, आणि ते कुठे जाऊन बसतात ते एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या घरच्या गॅरेजमध्ये शेगडी आहे. मी म्हटलं, शनिवारी गाडी तिथे आण.

शनिवारी सकाळी आठ वाजता तो आला. त्यानं बरोबर काय काय आणलं होतं ते बघून मी खुर्ची ओढून बसलेच. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, जुनी पांढरी चादर, पेन्सिली, आणि मोठे कागद. बॅटरी सोडवून ठेवल्यावर त्यानं अर्धा तास कशालाच हात लावला नाही. नुसता सीटवर बसून डॅशबोर्ड ठोकत होता, बोटाच्या पेरानं, इथे, तिथे, आणि कान लावत होता. मग कागदावर चित्र काढलं.

दहाच्या सुमाराला मौरी पेलकोला आला. म्हणे सहज. हातात कॉफी होती, आणि माझ्या ताटलीतली निसू तो न विचारता खायला लागला.

"सुरू केलंस की प्रार्थना चाललीय अजून?"

"ठोकून बघतोय, स्क्रू कुठे लपलेत ते."

"मला विचार की. चौदा दिसतात, नऊ लपलेत, आणि एक असा आहे की तो बसवणाऱ्याला मी शोधतोय."

"सांगू नकोस," आर्वो म्हणाला. "मी शोधतो."

मौरीनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तो गेला नाही. त्या दिवशी त्याचं गॅरेज बंदच राहिलं असावं.

आर्वोनं एकेक स्क्रू काढला, अंड्याच्या ट्रेमधल्या एकेका खळग्यात ठेवला, खळग्यावर आकडा, तोच आकडा चित्रावर. स्टिअरिंगचा दांडा बोल्ट सैल करून सीटवर टेकवला. इंजिनाच्या बाजूनं कोअरच्या तोंडांवर उरलेले नळ्यांचे तुकडे पिळून निघेनात, तेव्हा मौरी एकदाच बोलला, "ओढू नकोस. उभी चीर दे. ओढशील तर तोंड तुटेल." आर्वोनं चीर दिली. दुपारी आम्ही मांस-बटाटे भरलेल्या पेस्ट्या खाल्ल्या, शेगडीवर गरम केलेल्या, आणि तीन वाजता आम्ही तिघांनी मिळून तो अख्खा डॅशबोर्ड उचलून चादरीवर ठेवला.

मागे जे दिसलं ते मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच साधं होतं. काळा डबा, तारांचे जुडगे, आणि ओला, चिकट पत्रा. पण डब्यावर, पंख्याच्या शेजारी, एक घरटं होतं. उंदराचं. जुनंच, रिकामं. नारळाएवढं असेल, आणि ते लालभडक होतं.

आर्वोनं ते दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, बघतोय कसं विणलंय ते. पण तो अंगठ्यानं ती लाल लोकर चोळत राहिला.

"काय रे?"

"हे माझं फेल्ट आहे," तो म्हणाला. "पियानोचं. लाल पट्ट्या."

पियानोच्या पट्ट्यांखाली फेल्टची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाची, जाड लाल पट्टी असते. त्या फेल्टचा गठ्ठा तो गाडीतल्या पेटीत ठेवतो. सात-आठ वर्षं त्यातून थोडं थोडं कमी होत होतं, असं त्यानं तेव्हा सांगितलं. आणि लेम्पी दर नाताळला चर्चच्या विक्रीसाठी तसल्याच लाल लोकरी कापडाचे छोटे पक्षी शिवते. त्यानं तुकडे मोजले नव्हते, पण मनात धरलं होतं. लेम्पी घेते. न विचारता घेते.

"तिला कधी विचारलं नाहीस?"

"नाही."

पायपेटीपासून मोटारीपर्यंत सगळं उघडून बघणारा माणूस.

मग आर्वोनं घरटं जरा फाकवलं, आणि आतून चकचकीत जांभळे कागद निघाले. एक, दोन, पाच. आतल्या बाजूला अस्तर लावल्यासारखे. मौरी खो खो हसायला लागला, कारण ती चॉकलेटं त्यालाही माहीत होती. मी मात्र कागद मोजत होते. बरणी गेल्या उन्हाळ्यातली. डॉक्टर दोन वर्षांपूर्वीचे. लेम्पीला हिशेब जमतो.

"सिगरेटच्या राखेच्या खणात कागद कोंबायचो मी," आर्वो म्हणाला. "तिथून नेले असणार."

मी शेगडीचं दार उघडलं. "टाक इथे. उंदराचं घरटं घरात कशाला न्यायचं, नसती रोगराई." मी त्याच्यासाठी बोलत होते तेवढीच स्वतःसाठीही बोलत होते.

त्यानं शेगडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे कागदाची पिशवी मागितली, घरटं अलगद तिच्यात ठेवलं, आणि पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. संध्याकाळी मौरीनं त्याला घरी सोडलं, तेव्हा ती पिशवी त्याच्या मांडीवर होती.

पुढचं मला लेम्पीनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, चर्चनंतरच्या कॉफीला. मी दुसऱ्या टेबलाकडे चालले होते, तिनं बाहीला धरून बसवलं.

"त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ते समोर ठेवलं. मला म्हणाला, आधी चॉकलेटचं सांगतो. मी हसले गं. मला माहीतच होतं. तुझ्या बरणीचंही माहीत होतं."

मी कॉफीत पुन्हा दूध ओतलं.

"मग म्हणाला, आता फेल्टचं. आठ वर्षं, सायमा. मी त्याच्या कोटाला वास आला तर त्याच रात्री तोंडावर विचारलं. हा आठ वर्षं माझ्यासमोर बसून जेवला, माझे पक्षी चर्चमध्ये स्वतः मांडून द्यायचा, आणि मनात मला चोर म्हणत होता."

"चोर नसेल म्हणाला."

"मग काय म्हणत होता? ते तरी विचार त्याला. मी नाही बोलणार त्याच्याशी."

ती तीन दिवस बोलली नाही. गाडी माझ्या गॅरेजात उघडी पडलेली, त्यामुळे आर्वोला पियानोच्या निमित्तानं बाहेर पडायचीही सोय नव्हती. घरात बसून होता. बुधवारी दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आले तर गॅरेजचं दार उघडं होतं. लेम्पी आत उभी होती, कोट, टोपी, हातमोजे सगळं चढवलेलं. आर्वो तिच्या मागे दोन पावलांवर.

"दाखव, कुठे होतं," ती म्हणाली.

त्यानं जागा दाखवली. मग तिनं विचारलं, हे काय, ते काय, ही नळी कुठे जाते. तो सांगत गेला. जुना कोअर अजून डब्यात होता. त्यानं डब्याचे दोन भाग सोडवले आणि तो बाहेर काढला. ॲल्युमिनियमचा, एका कडेला हिरवट साका धरलेला. लेम्पीनं हातमोजा काढला, तो हातात घेतला, आणि नाकाजवळ नेला.

"हाच," ती म्हणाली.

"फार हुंगू नकोस, विषारी असतं."

"वासाबद्दल माझं चुकलं," लेम्पी म्हणाली. "चॉकलेटबद्दल नाही."

"नाही."

"आता तू सांग. फेल्ट मी घेते असं वाटलं, तर विचारलं का नाहीस?"

आर्वो चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला. मी तिथून जायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. शेवटी तो म्हणाला, "तू हो म्हणाली असतीस तर मला वाईट वाटलं असतं. नाही म्हणाली असतीस तर विचारल्याचं वाईट वाटलं असतं. आणि पक्षी छान व्हायचे."

लेम्पीनं कोअर त्याच्या हातात परत दिला. "भोक कुठे आहे याला?"

त्यालाही तेच बघायचं होतं. मी बादलीत पाणी आणलं, त्यानं कोअरचं एक तोंड बुचानं बंद केलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला. आम्ही तिघं बादलीवर वाकलो. आधी काहीच नाही. मग कडेच्या शिवणीतून बुडबुडे निघाले, मोहरीएवढे, एकामागून एक. सुईचं टोकही मोठं म्हणावं असं ते भोक होतं.

"एवढंच?" लेम्पी म्हणाली.

"एवढंच."

मी पुन्हा दुकानात जायला निघाले तेव्हा तिनं कोट काढला होता आणि ती त्याच्यासाठी दिवा धरून उभी होती. नवा कोअर डब्यात सैल बसत होता. त्याच्याभोवती घालायच्या स्पंजाच्या पट्ट्या खोक्यात आल्याच नव्हत्या, हे माझंच काम होतं बघायचं. आर्वोनं आपल्या पेटीतलं जाड फेल्ट कापून चारी कडांना लावलं. नंतर मौरीनं ते बघितलं आणि म्हणाला की हे कुठल्याच पुस्तकात नाही. पण बोटानं दाबून बघितलं, आणि काढायला सांगितलं नाही.

शनिवारपर्यंत डॅशबोर्ड जागेवर गेला. चोविसांपैकी तेवीस स्क्रू बसले. उरलेला एक तासभर शोधूनही त्यांना त्याची जागा सापडली नाही. मौरी म्हणाला, एकच उरला तर ते उत्तम काम. कूलंट भरलं, इंजिन चालू केलं, आणि आर्वो, लेम्पी, मौरी असे तिघं पुढच्या एकसलग लांब सीटवर दाटीवाटीनं बसले. मी खिडकीशी उभी होते. पहिली पाच मिनिटं गार हवा आली, आणि आर्वो डोळे मिटून ऐकत होता. नळ्यांतून हवेचा बुडबुडा गुरगुरत फिरला, थांबला. मग लेम्पीनं झरोक्यासमोर हात धरला आणि तो तसाच ठेवला.

"आली," ती म्हणाली.

मौरीला वाटेना की हा माणूस पियानोवर परत जावा. पुढच्या हिवाळ्यात त्याच्याकडे असे तीन ट्रक आले, आणि तिन्ही वेळा त्यानं आर्वोला फोन केला. अर्धं काम तुझं, वाटणी तू सांगशील ती, म्हणाला. आर्वोनं तिन्ही वेळा नकार दिला. तिसऱ्यांदा मौरी चिडून दुकानात आला.

"तुझा मित्र म्हणतो, आत काय आहे ते आता कळलंय. आता कशाला उघडायचं? सायमा, असं मी म्हणायला लागलो तर धंदा कसा करू?"

मी त्याला बरणी पुढे केली. त्यात हल्ली पेपरमिंट असतात, बिनसाखरेची. लेम्पीनं आणून दिलेली.